नलिनी वानखडेच्या चेटकिणी

जयपूरच्या बनी पार्कातल्या आमच्या ऑफिसच्या फाटकापाशी एक लंगडी कुत्री बसायची. मी तिला रोज बिस्किटं घालायचे. ती ती खायची आणि तोंड फिरवून पुन्हा झोपायची. नलिनी वानखडे नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात ती कुत्री तिच्या स्कूटीमागे कोपऱ्यापर्यंत पळायला लागली. नलिनीनं तिला काही म्हणजे काही घातलेलं नव्हतं. उलट स्कूटी लावताना ती तिच्यावर ओरडायचीच, "सरक ना बाप्पा, शेपटीवर चाक जाईल तुझ्या!"

नलिनीबद्दल मला पुढं जे जे वाटलं त्याची सुरुवात त्या कुत्रीपासून झाली.

आमची माहितीपट बनवणारी छोटी कंपनी होती. जुन्या बंगल्याचा तळमजला, चार खोल्या, आणि मालक माथुरसर. पाणी, शाळा, हस्तकला अशा विषयांवर संस्थांसाठी फिल्म करायच्या आणि मधूनच एखादी स्वतःच्या हौसेची. दिग्दर्शक दोघीच, मी आणि ती. मी मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे जयपूरला आलेली. नलिनीचे वडील फौजेत सुभेदार होते. घर अमरावतीचं, पण ती वाढली छावण्यांमधून. वडिलांची शेवटची बदली जयपूरला झाली, ते निवृत्त होऊन अमरावतीला गेले आणि ही वैशाली नगरात गच्चीवरची एक खोली घेऊन इथंच राहिली. तिच्या मराठीत अर्धी वऱ्हाडी आणि अर्धी छावणीतली हिंदी. दर दोन वाक्यांनंतर 'मतलब'. माझ्यापेक्षा जेमतेम वर्षानं लहान, पण पहिल्या दिवसापासून मला 'अपर्णाताई' म्हणायची. ऑफिसातले सगळे मग मला ताईच म्हणायला लागले, अगदी पन्नाशीचे कॅमेरामनसुद्धा.

ती बुटकी, रुंद खांद्यांची. चष्मा सतत नाकावरून घसरायचा आणि ती तो मनगटानं वर ढकलायची, कारण हातात नेहमी काहीतरी खायचं असायचं. डबा ती क्वचितच आणायची. दुसऱ्याच्या डब्याशी येऊन सरळ खाली बसायची आणि म्हणायची, "काय करून राहिली? मेथी? आन इकडं." एकदा ती कुर्ता उलटा घालून एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलाखत घ्यायला गेली. शिवण बाहेर, गळ्यामागची चिठ्ठी बाहेर. मी असते तर मेले असते. त्या अधिकाऱ्यानं तिला निघताना घरी जेवायला बोलावलं.

लोक तिच्याशी बोलायचे. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी गोष्ट नाही. कॅमेरा शिकता येतो, संकलन शिकता येतं. समोरच्यानं तोंड उघडावं हे कुणी शिकवत नाही. मी तिला एकदा विचारलं, तू नेमकं काय करतेस? ती चक्क विचारात पडली.

"ताई, मी नाही विचारत काही. आपली एखादी फजिती सांगून द्यायची. मतलब, समोरच्याले वाटते, ही तर आपल्याहून येडी आहे. मग तो बोलते."

मी ते करून पाहिलं. एका निवृत्त कर्नलसाहेबांना, मुलाखत रंगावी म्हणून, मी गाडी चालवायच्या परीक्षेत तीनदा कशी नापास झाले ते सांगितलं. त्यांनी मला अर्धा तास क्लच कसा सोडावा ते समजावलं. ते सगळं रेकॉर्ड झालं. नलिनीनं ते ऐकलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. ते असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

चेटकिणींचा विषय माझा होता. हे मी अजूनही सांगते, आणि नलिनीही सगळ्यांना तेच सांगायची. शहरातल्या शिकलेल्या बाया स्वतःला अभिमानानं 'विच' म्हणवतात, पौर्णिमेला मेणबत्त्या लावतात, मिठाचं रिंगण घालतात, मोबाइलवर एकमेकींना मंत्र पाठवतात, हे मी वाचलं होतं. परदेशात यावर झालेले माहितीपट मी शोधून शोधून पाहिले होते. जंगल, झगे, ढोल, शेकोटी. आपल्याकडे हे कसं दिसत असेल? मी टिपण केलं, माथुरसरांना ते आवडलं. खटपट करून मी वैशाली नगरातलं एक मंडळसुद्धा हुडकलं. त्यांच्यातली मुख्य बाई रुचिका, एका शाळेत समुपदेशक होती. मी काळा कुर्ता आणि चांदीचे झुमके घालून तिच्या फ्लॅटवर गेले. दोन तास बोलले. तिनं ग्रीन टी दिला, माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि दारापर्यंत सोडायला आली.

"आप बहुत पढ़कर आई हैं," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही.

दोन महिन्यांनी माथुरसर म्हणाले, "एक बार नलिनी को भेजकर देखते हैं?"

ती माझ्या टेबलाशी आली. नेहमीसारखी खाली नाही बसली, उभीच राहिली. "ताई, विषय तुमचा आहे. तुम्ही नाही म्हटलं तर मी नाही जात."

तिनं न विचारता विषय उचलला असता तर मी मोकळेपणानं भांडले असते. विचारल्यावर काय करणार? जा म्हटलं.

संध्याकाळी ती परत आली ती हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि पुढच्या विधीचं आमंत्रण घेऊन. तिनं म्हणे रुचिकाला सांगितलं की लहानपणी ती मावशीच्या घरी आजारी पडली तेव्हा मावशीनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, ठसक्यानं अख्खी चाळ खोकत बाहेर आली आणि ताप राहिला बाजूला, हिला दम लागून दवाखान्यात न्यावं लागलं. मग तिनं विचारलं, "दीदी, आपके वाले में धुआँ कम होता है ना?" रुचिका आधी हसली आणि मग रडली. नवरा सोडून गेल्यावर घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती पौर्णिमेला गच्चीत दिवा लावून स्वतःशीच मोठ्यानं बोलायला लागली होती. तिथून हे सगळं सुरू झालं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी दोन तास तिच्यासमोर बसले होते.

फिल्म नलिनीकडे गेली. तिनं आग्रह करून 'मूळ कल्पना आणि संशोधन' म्हणून माझं नाव घातलं आणि चित्रीकरणाला मला बरोबर घेतलं. त्याचाही मला राग आला. नसतं घेतलं तरी आला असता.

तो विधी भर दुपारी चार वाजता झाला, कारण सहा वाजता बायकांची मुलं क्लासहून परत यायची. रुचिकाच्या इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना. चारपाच बायका, कुणी बँकेतली, कुणी घरीच असणारी. मिठाचं रिंगण घातलं. वाऱ्यानं मेणबत्त्या विझायला लागल्या तेव्हा त्या स्टीलच्या डब्यांत ठेवल्या. दालचिनी, लिंबू, वाळलेली फुलं. प्रत्येकीनं आयुष्यातून जे टाकून द्यायचं ते कागदावर लिहायचं आणि कढईत जाळायचं. मी पाहिलेल्या त्या जंगलांपुढे हे सगळं मला फारच घरगुती वाटलं. मनातून मी खूश झाले. म्हटलं, यातून काही फिल्म होत नाही.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आंटी वाळत घातलेले पापड गोळा करायला वर आल्या. "बेटा, बस दो मिनट," म्हणत त्या सरळ रिंगणातून चालत गेल्या. मीठ विसकटलं. रुचिकाचा चेहरा पडला. कॅमेरामननं नलिनीकडे पाहिलं, तिनं खुणेनं 'चालू ठेव' म्हटलं. आंटींनी पापड पदरात घेतले, परत जाता जाता थांबल्या, कढईकडे पाहत राहिल्या.

"इसमें क्या जला रही हो?"

"जो छोड़ना है, वो लिखकर जलाते हैं, आंटी," रुचिका म्हणाली.

आंटींनी पापडांचा पदर सावरला. मग म्हणाल्या, "एक काग़ज़ मुझे भी दे दो."

त्या टाकीच्या आडोशाला बसल्या, मांडीवर पापड, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. चार घड्या घालून तो कढईत टाकला, पूर्ण जळेपर्यंत उभ्या राहिल्या आणि पापड घेऊन निघून गेल्या. मी नलिनीच्या कानाशी लागले, "विचार ना, काय लिहिलं ते!" तिनं मान हलवली. "नको ताई. त्यांनी जाळलं ना." पुढं ती फिल्म ज्यांनी ज्यांनी पाहिली ते सगळे आधी त्या आंटींबद्दलच बोलले. मी विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं आणि तो प्रसंग तिथंच संपला असता. हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच तिचं ते मान हलवणं मला सहन झालं नाही.

सामान आवरताना रुचिका म्हणाली, "फ़िल्म में मुझे विच बोलना. डायन मत बोलना, प्लीज़."

"फ़र्क क्या है, दीदी?" नलिनीनं विचारलं.

"विच मैं ख़ुद बनी हूँ. डायन दूसरे बनाते हैं."

त्या दिवशी नलिनीनं घरी जाताना कुणाच्या हातचं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माथुरसरांसमोर जाऊन म्हणाली, "सर, अभी आधी फ़िल्म बाक़ी है."

राजस्थानच्या खेड्यांतून अजूनही एखाद्या बाईला डाकण, म्हणजे डायन, ठरवतात, मारतात, गावाबाहेर काढतात. एका संस्थेतल्या ओळखीच्या बाईनं नलिनीची धापूबाईंशी गाठ घालून दिली. शेजारच्यांचं मूल तापानं गेलं आणि गावानं त्याचा दोष धापूबाईंवर घातला होता. त्यांना मारून बाहेर काढलं. आता त्या मुलगा, सून आणि नातीबरोबर जयपूरपासून काही तासांवरच्या दुसऱ्या गावात राहत होत्या, जिथं हे कुणालाच माहीत नव्हतं. नलिनी तिथं कितीतरी वेळा कॅमेऱ्याशिवाय जाऊन आली. मग एकदा धापूबाईच म्हणाल्या म्हणे, घे माझा फोटो, लोकांना कळू दे काय करतात ते. त्या फेरीला नलिनीनं रुचिकाला बरोबर नेलं. मीही होते.

धापूबाई ओसरीत मूग निवडत बसल्या होत्या. बारीक बाई, कपाळावर जुन्या जखमेचा व्रण. रुचिका त्यांच्यासमोर बसली. बसल्या बसल्या एकदम म्हणाली, "मैं भी... मतलब, मैं भी अपने को वही कहती हूँ. डाकण."

धापूबाईंचा हात थांबला. त्या उठल्या, बाहेरचं दार लावलं, परत येऊन बसल्या.

"हळू बोल," त्या त्यांच्या बोलीत म्हणाल्या. "कुणी म्हटलं तुला?"

"किसी ने नहीं. मैंने ख़ुद."

त्यांनी रुचिकाकडे खूप वेळ पाहिलं. मग तिचा हात हातात घेतला. "तुला मारलं?"

"नहीं."

"घरातून काढलं?"

"नहीं."

"मग रात्री झोप लागते?"

"लगती है," रुचिका म्हणाली, इतक्या हळू की आमच्या माइकनं ते कसं घेतलं कुणास ठाऊक.

"मला नाही लागत," धापूबाई म्हणाल्या. त्यांनी ताटातले अर्धे मूग रुचिकाच्या पुढ्यात सारले, आणि दोघी खाली मान घालून निवडत बसल्या. नलिनी भिंतीशी उकिडवी बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर आलेला, तो वर करायलासुद्धा ती हलली नाही. त्याच वेळी माझ्या मनात स्पष्ट वाक्य उमटलं: हे माझं असायला हवं होतं.

कच्ची फिल्म ऑफिसात दाखवली तेव्हा संपल्यावर कुणी दिवा लावायलाही उठलं नाही. परदेशातल्या एका महोत्सवानं ती घेतली, मुख्य स्पर्धेत. माथुरसरांनी घेवर वाटला. मी दोन तुकडे खाल्ले आणि घरी जाऊन नवऱ्याशी भलत्याच कारणावरून भांडले.

आणि मग धापूबाईंच्या मुलाचा फोन आला. नातीचं, कंचनचं लग्न ठरलं होतं. चांगलं घर होतं. फिल्म लोकांच्या मोबाइलवर आली, जुन्या गावचं कुणी काही बोललं, तर लग्न मोडणार होतं.

"दस्तख़त है उनका," माथुरसर म्हणाले. "चेहरा धुंधला कर देंगे."

"और आवाज़, सर? उनके हाथ? वो घर?" नलिनी म्हणाली.

"उस सीन के बिना फ़ेस्टिवल नहीं लेगा. उन्होंने साफ़ लिखा है."

"मैं उनको दिखाकर आती हूँ."

तिला समजवायला म्हणून सरांनी मला बरोबर पाठवलं. ओसरीतच लॅपटॉप उघडला. धापूबाईंनी स्वतःला पहिल्यांदाच असं पाहिलं. आपले दात बघून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मुगाचा प्रसंग आला तेव्हा हसणं थांबलं, आणि संपल्यावर त्यांनी पडद्यावरून एकदा बोट फिरवलं. "छान आहे," म्हणाल्या. "मी चांगली दिसते." थोड्या वेळानं म्हणाल्या, "काढून टाक."

"बरं," नलिनी म्हणाली.

एवढंच. मी वाट बघत होते की ती काहीतरी बोलेल, थोडी तरी समजूत घालेल. परतीच्या वाटेवर मीच सुटले. अख्खी फिल्म म्हणजे तो प्रसंग आहे, असं आयुष्यात एकदा मिळतं, लग्न होऊन जाऊ दे, मग पुढच्या वर्षी दाखव, काहीतरी मार्ग काढ. खरं सांगायचं तर मी तिच्यासाठी भांडत नव्हते. त्या प्रसंगासाठी भांडत होते. तो माझा नव्हता तरी तो मरावा हे मला बघवत नव्हतं.

एका ढाब्यापाशी तिनं गाडी थांबवायला सांगितली. कचोरी घेतली, खाल्ली नाही.

"मले समजते ताई," ती म्हणाली. "मी काल रात्रभर रडली. पण तुम्ही काहून रागावून राहिल्या? फिल्म तर माझी आहे."

ती फिल्मला 'माझी' म्हणाली, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

महोत्सवानं फिल्म परत केली. उरलेली फिल्म, म्हणजे गच्ची, डब्यातल्या मेणबत्त्या आणि आंटी, जयपुरातच एका छोट्या सभागृहात दाखवली गेली. रुचिका पहिल्या रांगेत बसली होती. नंतर तिनं नलिनीला मिठी मारली आणि म्हणाली, "अच्छा किया." माथुरसरांनी त्यानंतर नलिनीला मोठं काम दिलं नाही. ते मला मिळालं. छपाईचं काम करणाऱ्या बायकांवरची माझी फिल्म एका महोत्सवात गेली, बक्षीस मिळालं. हातात ते घेऊन मी मंचाच्या पायऱ्या उतरत होते तेव्हा एक बाई घाईघाईनं माझ्याकडे आल्या. "वो पापड़ वाली आंटी की फ़िल्म आपके ही ऑफ़िस की है ना? किसने बनाई थी?"

मी नाव सांगितलं. स्पेलिंगसुद्धा सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात नलिनीच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. तिनं नोकरी सोडली, खोली रिकामी केली. अमरावतीला जाण्याआधीच्या आठवड्यात कंचनचं लग्न होतं. "चला ना ताई," ती म्हणाली. "मी एकटी कुठं जाऊ." ती कुठंही एकटी जायची. तरी मी गेले.

लग्नाच्या आदल्या दुपारी बायकांचं हळदीचं गाणं-बजावणं होतं. अंगणात मांडव, मधे ढोलकी, कंचन पिवळीजर्द होऊन पाटावर बसलेली. नलिनीला बायकांनी ओढून आपल्यात घेतलं होतं. तिला गाण्याचे शब्द येत नव्हते, ती प्रत्येक ओळीचा शेवटचं अक्षर तेवढं जोरात म्हणायची आणि आजूबाजूच्या बाया हसून लोळायच्या. मी मांडवाच्या खांबापाशी लापशीची ताटली घेऊन उभी होते.

नवऱ्या मुलाकडून आलेला एक पाहुणा मोबाइल उंच धरून आत शिरला आणि एकेका बाईचा व्हिडिओ घेत पुढं सरकायला लागला. धापूबाई ढोलकीच्या मागं बसल्या होत्या. त्यांनी घाईनं पदर पुढं ओढला, पण गर्दीत तो कुणाच्या तरी गुडघ्याखाली अडकला होता. मोबाइल त्यांच्याकडे वळत होता.

नलिनी उठली. ओढणी कमरेला खोचली आणि सरळ त्या पाहुण्यासमोर येऊन नाचायला लागली. तिला नाचता येत नव्हतं. दोन्ही हात वर, चष्मा घसरलेला, पाय कुठंही. अंगणात एकच गलका झाला. ढोलकीवालीनं ताल वाढवला. पाहुणा हसत हसत मोबाइल घेऊन तिच्यामागं फिरू लागला आणि ती त्याला नाचवत नाचवत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. मागं धापूबाईंनी पदर सोडवून घेतला, डोक्यावर सारखा केला आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका पाहुणीनं धापूबाईंच्या सुनेला विचारलं, "ये नाचने वाली कौन हैं?"

"हमारी हैं," सून म्हणाली.

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. "और ये?"

सुनेनं माझ्या ताटलीत आणखी एक डाव लापशी वाढली आणि म्हणाली, "ये उनके साथ आई हैं."